छत्तीस गुण आणि एक शेरा

मराठी घरात लग्न जुळवताना संशोधनाच्या दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात वापरल्या जातात आणि त्यासाठी कोणाला पीएचडी मिळत नाही. आधी पत्रिका येते. वर्णाच्या १ गुणापासून नाडीच्या ८ गुणांपर्यंत आठ कूटांची बेरीज ३६ होते. अठराला पास. अठ्ठावीस जुळले की घरात हॉलचं भाडं विचारायला सुरुवात होते. त्याच रात्री मुलीची आई, सगळे झोपल्यावर, मुलाच्या सोसायटीत राहणाऱ्या मावसबहिणीला फोन लावते आणि विचारते, "माणसं कशी आहेत गं?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग उत्तर येतं, "तशी चांगली आहेत."

त्या एका 'तशी'पायी अठ्ठावीस गुणांची पत्रिका दुसऱ्या दिवशी साभार परत जाते.

पत्रिका हे संख्यात्मक संशोधन आणि मावसबहीण हे गुणात्मक. मराठीनं इथं एक गंमत करून ठेवली आहे. तिच्यात 'गुण' म्हणजे अंगचा चांगुलपणाही आणि परीक्षेत मिळालेले मार्कही. 'मुलगा गुणी आहे' आणि 'मुलाला गुण कमी आहेत' ही दोन्ही वाक्यं एकाच मुलाबद्दल, एकाच दिवशी, एकाच घरात खरी असू शकतात. त्यामुळे 'गुणात्मक संशोधन' हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यात किती मार्क मिळतात असा प्रश्न पडला, तर त्याला हसू नये. अर्थसाहाय्य देणाऱ्या समित्यांनाही तोच प्रश्न पडतो.

विद्यापीठांत या दोन पद्धतींच्या दोन जाती झाल्या आहेत. संख्यावाला टॅब घेऊन हिंडतो, त्याचे प्रश्न छापील असतात आणि उत्तरदाता बोलू लागला की त्याला घाम फुटतो, कारण बोलण्यासाठी रकाना नसतो. गोष्टवाल्याच्या खांद्यावर झोळी, झोळीत डायरी आणि रेकॉर्डर. उत्तरदाता गप्प बसला की याला घाम फुटतो. दोघांत रोटीव्यवहार आहे, तोही सेमिनारच्या जेवणापुरता. बेटीव्यवहार नाही. तोंडी परीक्षेत गाठ पडली की संवाद ठरलेला.

"नमुना किती?"

"अकरा."

"अकरा हजार?"

"नाही सर, अकरा बायका. पण प्रत्येकीशी सहा तास बोललेय."

सर डोळे मिटतात. मग सरांच्या विद्यार्थ्याची पाळी येते. त्यानं चार हजार बायकांना प्रत्येकी सहा मिनिटं विचारलेलं असतं आणि त्याचा निष्कर्ष ०.०५च्या खाली बसलेला असतो. ही ०.०५ची रेघ संख्यावाल्यांचं सोवळं. ०.०४९ आलं तर पेढे, ०.०५१ आलं तर सुतक. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा 'सोयीची' म्हणून सुचवली होती. सोयीची रेघ सोवळ्याची कधी झाली, ते कोणाला कळलं नाही. सोवळ्याचं असंच असतं.

आकडा आला म्हणजे शास्त्र आलं, या समजुतीचं हिंदुस्थानातलं ठळक उदाहरण नाकावर बसलेलं आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी त्याआधी बंगालमध्ये माणसांची नाकं मोजून घेतली होती. नाकाच्या रुंदीला शंभरानं गुणायचं, उंचीनं भागायचं, की आला नासिका निर्देशांक. त्यावरून त्यांनी नियम काढला: नाक जितकं रुंद, तितकी जात खाली. नाकाचा आणि प्रतिष्ठेचा संबंध मराठी माणसाला नवा नव्हता. इथं नाक कापलं जातं, मुरडलं जातं, वर करून चाललं जातं आणि घराण्याचं नाक राखायला पिढ्यान् पिढ्या खर्ची पडतात. फक्त या कामाला कोणी मोजपट्टी घेऊन बसलं नव्हतं.

रिस्लेंना उत्तर दिलं ते मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे हे प्रमुख. १९३२ साली आलेल्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया'त त्यांनी मोजमापांचीच फेरतपासणी केली. रिस्लेंची शिडी हिंदुस्थानी भाषेच्या पट्ट्यात कशीबशी उभी राहते, पण मुंबईसारख्या इतर प्रांतांत तिच्या पायऱ्या निखळतात, असं त्यांनी दाखवलं. आकड्यांचं भूत आकड्यांनीच उतरवलं. हे करताना घुर्ये स्वतः गावोगाव हिंडले नाहीत. ते ग्रंथालयात बसायचे आणि शिष्यांना गावात धाडायचे. गुरूनं खुर्चीत बसावं आणि शिष्यानं उन्हात फिरावं, ही संशोधनाची तिसरी पद्धत. तिला अजून नाव मिळालेलं नाही, पण सर्वाधिक वापरात तीच आहे.

घुर्ये यांच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. विषय मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल. १४९ कवट्या मोजायच्या होत्या. युरोपीय आणि इतर कवट्यांत या असमतोलाचा वांशिक फरक निघावा, ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. गाइडच्या मताविरुद्ध आकडे आले की काय करावं, हा प्रश्न आजही पुष्कळ संशोधकांची झोप उडवतो. इरावतीबाईंनी तो परदेशात, जर्मन भाषेत आणि गाइडसमोर उभं राहून सोडवला.

कवट्या मोजणाऱ्या याच बाई पुढे पंढरीच्या वारीला चालत गेल्या. तिथं त्यांच्या हातात मोजपट्टी नव्हती. 'वाटचाल' या लेखात त्यांनी टिपलं की, एकाच वाटेनं, तेच अभंग गात चाललेली माणसं जेवणाची वेळ झाली की ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे अशी पांगतात. त्यांना दोन्हीकडची माणसं आपली वाटत होती आणि मधली रेघ सलत होती. हीच गोष्ट प्रश्नावलीनं काढायची ठरवली असती, तर 'जेवताना शेजारी कोणी बसलेलं चालेल?' या प्रश्नापुढे शंभरातल्या शंभरांनी 'कोणीही' या चौकटीत खूण केली असती. वारीत कोण नाही म्हणेल? पांडुरंग बघतोय.

माणूस कागदावर एक आणि पंगतीत दुसरा, याची मोजदाद अमेरिकेत एकानं करून ठेवली आहे. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३०च्या सुमारास एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन मोटारीनं अमेरिकाभर हिंडले. त्या काळी तिथं चिन्यांबद्दल उघड आकस होता. तिघं मिळून २५१ हॉटेलं, खाणावळी आणि मुक्कामाच्या जागांत गेले. प्रवेश नाकारला गेला एकदाच. सहा महिने थांबून लापिएर यांनी त्याच मालकांना पत्र पाठवून विचारलं, 'आपण चिनी ग्राहक घ्याल का?' १२८ जणांची उत्तरं आली. दहातल्या नऊ जणांहून अधिकांनी कळवलं, मुळीच नाही. त्याच जोडप्याला त्यांनी सहा महिन्यांपूर्वी सूप वाढलं होतं. हे १९३४ साली छापून आलं. वारीत तोंडानं 'या' आणि पानावर 'नाही', अमेरिकेत कागदावर 'नाही' आणि पानावर 'या'. खोटं बोलण्यालाही देशोदेशीच्या पद्धती असतात. दोन्हीकडे खरं काय ते पानावरच कळलं.

प्रश्नावलीवाल्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. म्हणून १९३२ साली रेन्सिस लिकर्ट यांनी उत्तराला पाच पायऱ्या दिल्या: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. आता जगभर हीच मोजपट्टी चालते. ती मराठी उंबरठ्यावर आली की मात्र अडखळते, कारण मराठी माणूस सहमत होत नाही आणि असहमतही होत नाही. तो म्हणतो, "बघू." किंवा "तसं काही नाही." किंवा "आमच्या ह्यांना विचारा, ते आता बाहेर गेलेत." सर्वांत प्रामाणिक उत्तर असतं, "तुम्हीच लिहा काय ते." ते पाचातल्या कुठल्या पायरीवर ठेवायचं, हे लिकर्ट सांगून गेले नाहीत. त्यात प्रांतभेद. कोल्हापूरचा माणूस मिसळीपासून मयताच्या मंडपापर्यंत सगळं 'लई भारी' म्हणून पाच गुण देतो. पुण्यात सर्वोच्च स्तुती 'वाईट नाही' अशी असते. ती टॅबमध्ये 'तटस्थ' म्हणून जाते आणि मग महाराष्ट्राची सरासरी निघते.

सरासरीवर देशाचा कारभार चालतो, त्यामुळे हा विनोद परवडण्यापलीकडचाही होऊ शकतो. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. देशातली माणसं किती खातात, काय खातात, यावरून गरीब किती हे ठरवायचं. अन्वेषक दारात उभा राहतो आणि विचारतो, गेल्या ३० दिवसांत घरात तूरडाळ किती लागली?

हा प्रश्न प्रामाणिक मनानं स्वयंपाकघरात घेऊन जावा. तिथं डाळ वाटीनं मोजतात, मीठ चिमटीनं, तेल 'होईल एवढं' आणि पाहुणे आले की पाणी वाढवून. महिन्यात नणंद चार दिवस राहून गेलेली असते. पाहुण्यांना घरात वाढलेलं जेवण यजमानाच्याच खाती धरतात, त्यामुळे तिनं खाल्लेली आमटीही आठवायची. गृहिणीला नणंदेचे शब्द आठवतात, आमटी नाही.

मग तज्ज्ञांना वाटलं, ३० दिवस लांब पडतात, सात दिवसांचं विचारावं. नव्वदीच्या दशकात प्रयोग झाला. काही घरांना जुन्या पद्धतीनं ३० दिवसांचं विचारलं, काहींना अन्नासाठी सात दिवसांचं. सातवाल्या घरांचा खाण्याचा आकडा इतका फुगला की, त्या हिशेबानं देशातली गरिबी जवळपास निम्म्यावर आली. धान्याचं एक पोतंही न वाटता, केवळ प्रश्नातला एक शब्द बदलून. गरिबी हटवण्याची इतकी स्वस्त योजना कुठल्याही सरकारला सुचली नव्हती.

त्यानंतर १९९९-२०००च्या ५५व्या फेरीत खरी बहार आली. अन्नासाठी सात आणि तीस दिवसांचे रकाने एकाच घराला शेजारी शेजारी विचारले. आधी सांगितलं आठवड्याचं, मग लगेच महिन्याचं. चौपट करून टाकायला शाळा किती लागते? गरिबी २६ टक्के निघाली. १९९३-९४ साली ती ३६ टक्के होती. खरंच दहा टक्के उतरली की रकाने शेजारी बसल्यानं उतरली, यावर अर्थतज्ज्ञ पुढची काही वर्षं भांडले आणि त्या भांडणाचा एक जाडजूड ग्रंथ झाला. त्या ग्रंथातल्या प्रत्येक समीकरणाच्या तळाशी पदराला हात पुसत दारात उभी असलेली एक बाई आहे. तिनं "असेल दोनेक किलो" असं म्हटलेलं आहे.

माणसाला विचारलं की असं होतं, म्हणून काहींनी थेट पिकाला विचारायचं ठरवलं. शेतात एक ठरावीक तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं, त्यावरून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. पीक कापणी प्रयोग म्हणतात याला. १९४०च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या गोल तुकड्यांच्या बाजूचे होते आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे मोठ्या तुकड्यांच्या. सुखात्म्यांचं म्हणणं, छोट्या तुकड्यानं उत्पन्न फुगतं. कारण साधं. रेघेवर उभं असलेलं रोप आत की बाहेर? लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारा, तो आतच असतो. तसंच कापणाऱ्याच्या हातात विळा असला की कडेचं कणीस आत येतं. तुकडा जितका छोटा, तितकी त्याच्या मानानं कड मोठी, तितकी ही माया जास्त. रोप बोलत नाही, तरी त्याच्या वतीनं विळा बोलतो.

हेच सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेतली नोकरी संपवून पुण्यात परतले आणि त्यांची गाठ पडली वि. म. दांडेकरांशी. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला होता आणि माणशी रोजच्या २,२५० उष्मांकांच्या आधारानं गरिबीची मर्यादा आखली होती. सुखात्म्यांचं म्हणणं असं की, एकाच माणसाचं खाणं आणि गरज दिवसागणिक वरखाली होते, शरीर जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी धरता येणार नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी इंग्रजी साप्ताहिकातून एकमेकांचे उष्मांक काढले. दोघेही आकडेशास्त्राचे पंडित, दोघांसमोर साधारण तीच आकडेवारी, आणि प्रश्न एकच: भूक म्हणजे काय? त्या प्रश्नाला रकाना नाही. म्हणजे संख्यात्मक संशोधनातलं पुण्यातलं सर्वांत गाजलेलं भांडण मुळात गुणात्मक होतं. पुण्यात हे सुखरूप पार पडलं, कारण भांडणाचा विषय कोणताही असला तरी शहराला त्याची सवय आहे.

इथवर वाचून गोष्टवाल्यांनी झोळी सावरून हसू नये. त्यांच्याही घरची चूल पाहण्यासारखी आहे.

घुर्ये यांचेच आणखी एक शिष्य म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहायला गेले. त्या गावाला त्यांनी 'रामपुरा' असं टोपणनाव दिलं. मुक्काम गावच्या पाटलाच्या बैलांच्या घरात. गावाचं निरीक्षण करायला गेलेल्या या ब्राह्मण प्राध्यापकाचं गावानंच निरीक्षण सुरू केलं आणि हा आंघोळ झाल्यावर दाढी करतो, हे शोधून काढलं. आधी दाढी, मग आंघोळ, हा क्रम गावातल्या पोरालाही ठाऊक होता. संशोधकाला टोकण्यात आलं. गावाचा नमुना एक, पण निष्कर्ष पक्का.

पाटलाच्या अंगणातून गाव दिसतं ते पाटलाच्या बाजूनं, हे श्रीनिवासांनी पुढे स्वतःच कबूल केलं. गोष्टवाल्याची खरी अडचण ही. "बहुतेक गावकऱ्यांचं मत असं पडलं" असं तो लिहितो तेव्हा बहुतेक म्हणजे किती? पुष्कळदा चहाच्या टपरीवर बसलेले तिघं, आणि त्यातला एक बाहेरगावचा. संख्या त्याच्याही लेखात असते. ती 'बहुतेक', 'काही', 'एखाददुसरा' असे साधे कपडे घालून वावरते, त्यामुळे पकडली जात नाही.

श्रीनिवासांवर तर याहून मोठा प्रसंग आला. एप्रिल १९७०मध्ये ते स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात पुस्तक लिहायला बसले होते. कोणीतरी केंद्राला आग लावली. वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती एका रात्रीत जळाल्या, कारण तिन्ही तिथंच ठेवलेल्या होत्या. मूळ नोंदी दिल्लीत राहिल्या होत्या. श्रीनिवासांनी जे आठवलं त्यावर पुस्तक लिहिलं. १९७६ साली आलेल्या 'द रिमेंबर्ड व्हिलेज'ला मानववंशशास्त्रात मानाचं पान मिळालं. गावातल्या गृहिणीला महिन्यापूर्वीची डाळ आठवत नाही म्हणून संख्यावाले हैराण, आणि इथं एका प्राध्यापकांना वीस वर्षांपूर्वीचं आख्खं गाव आठवलं. फरक इतकाच की, त्यांना कोणी 'किती किलो' असं विचारलं नव्हतं.

आणि या सगळ्यांचे आद्य गुरू ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ट्रोब्रिअंड बेटांवर तंबू ठोकून राहिले आणि लोकांत मिसळून, त्यांच्या डोळ्यांनी जग पाहावं, हा धडा त्यांनी जगाला दिला. १९६७ साली, त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी, त्यांची खासगी डायरी छापली गेली. तीत ते बेटावरच्या लोकांवर वैतागलेले, त्यांना शिव्या घालणारे आणि तंबूत कादंबऱ्या वाचत पडलेले दिसतात. मानववंशशास्त्रात हाहाकार उडाला. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणत्याही मराठी सुनेला यात आश्चर्य वाटलं नसतं. माणसांत मिसळून राहायचं म्हणजे रात्री डायरीत काय लिहिलं जाणार, हे तिला आधीच सांगता आलं असतं.

अलीकडे दोन्ही पद्धती एकत्र वापरण्याचा रिवाज आला आहे. त्याला 'मिश्र पद्धती' म्हणतात आणि त्यासाठी दुप्पट अनुदान मागतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की, चार हजार घरांचे तक्ते भरून झाल्यावर मधूनमधून एकेका बाईचं एक वाक्य तिरप्या टाइपात छापायचं, श्रीखंडावर चारोळी घालतात तसं. कवट्यांच्या मापांपासून वारीच्या वाटेपर्यंत चालत गेलेल्या इरावतीबाईंना हे मिश्रण वाटलं नसतं. त्यांना जे कळून घ्यायचं होतं, त्याला कधी पट्टी लागली आणि कधी पाय.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अनेक पानी प्रश्नावलीत डाळीचे, तेलाचे, चपलांचे आणि औषधांचे रकाने संपले की शेवटी एक रिकामी चौकट येते: अन्वेषकाचा शेरा. एवढी एक जागा अशी, की तिथं आकडा भरायचा नसतो. उत्तरं कोणी दिली, कशी दिली, सासूबाई शेजारी उभ्या होत्या का, 'असेल दोनेक किलो' म्हणताना बाई कोणाकडे बघत होती, हे लिहायचं झालं तर तिथंच. बाकीच्या सगळ्या रकान्यांची बेरीज होते. या चौकटीची होत नाही.